शंभर हाकांना एक्क्याऐंशी ओ

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी शिडीवर उभी राहून माझ्या वडिलांवर ओरडणार आहे, आणि तेव्हा कुणाला वाटू नये की हिला अचानक काय झालं. पुण्यात मी आठ वर्षं नेटवर्कची नोकरी केली. साहेबांशी वाजलं, राजीनामा टेबलावर ठेवला आणि सोलापूरला परत आले. आई म्हणाली, "आता हितं कोन देनार तुला काम?" प्रश्न चुकीचा नव्हता. सोलापुरात छोटी ऑफिसं भरपूर, त्यांत कॉम्प्युटरही भरपूर, पण नेटवर्क बघायला बाई आलीय म्हटलं की लोक आधी माझ्या मागे बघायचे. खरा माणूस गाडी लावून येतोय की काय म्हणून.

पहिलं काम आबांनी मिळवून दिलं. आबा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथे त्यांची सगळी हयात गेली. ते विणायला नव्हते, धागे सांधायला होते. मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नवा चढवतात, आणि जुन्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडावा लागतो. असे हजारो धागे, अंगठा आणि बोटाच्या पिळात. एक जरी चुकला तरी टॉवेलवर उभी रेघ उमटते. मामांच्या, म्हणजे आबांच्या, जोडाची रेघ कुणी पाहिली नाही, असं कारखान्यात म्हणायचे. आबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण कुणी पुन्हा म्हणतंय का ते बघायला तिथेच घुटमळायचे. पुढे डोळे अधू झाले तेव्हा मालकांनी त्यांना ऑफिसात घेतलं. आता सकाळी कुलूप उघडायचं, टपाल आणायचं, मीटरचे आकडे टिपायचे, आल्यागेल्याला चहा सांगायचा. मालकांसकट सगळे त्यांना मामा म्हणतात.

या माणसाने जन्मात मालकांकडे काही मागितलं नव्हतं. माझ्यासाठी मात्र टोपी हातात घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "मालक, कॉम्प्युटरच्या वायरींचं काम माझ्या लेकीला द्या. काय कमीजास्त झालं तर तिला नका बोलू, मला बोला." हे मला आबांनी सांगितलं नाही. डिझाइन करणाऱ्या ताईंनी सांगितलं. ऐकून मी घरी येऊन भांडले. माझी हमी दुसऱ्याने का द्यावी, मी काय लहान आहे का, वगैरे. आबा भाकरी मोडत म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सर्व्हर बघायला गेले.

त्या कामाच्या जोरावर पुढची कामं मिळाली. नवी पेठेतली दोन दुकानं, एक दवाखाना, कुर्डुवाडीचं एक गोदाम. कुठेही विचारलं, आधी कुठं काम केलंय, की मी टॉवेलच्या कारखान्याचं नाव सांगायचे. तिथला मालक कडक आहे हे सगळ्या गावाला माहीत. त्याच्याकडे टिकली म्हणजे हिला येत असणार, असा लोकांचा हिशेब होता, आणि मला तो मान्य होता.

तर एका शनिवारी ताईंचा फोन आला. "अगं, मोर निम्म्यावर अडकलाय."

मोर म्हणजे टॉवेलवरचं नवं डिझाइन. पूर्वी अशी डिझाइनं पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांवर असायची, त्या पट्ट्या मागाच्या डोक्यावर फिरायच्या. आता ताई कॉम्प्युटरवर मोर काढतात, तो सर्व्हरमध्ये ठेवतात, आणि मागच्या हॉलमधले नक्षी विणणारे जेकार्डचे माग तो वायरीवरून उचलून घेतात. सर्व्हर पुढे ऑफिसात, लाकडी स्टुलावर. रुई उडून आत जाऊ नये म्हणून त्याच्यावर कारखान्याचाच एक टॉवेल पांघरलेला. तिथून एक लांब वायर भिंतीवरून, मग खांबावरून वर चढून पत्र्याखालून हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली.

मी आधी तो टॉवेल काढून फेकला. सर्व्हर तापलाय, दुसरं काय, असं ताईंना ठणकावून सांगितलं. ताईंनी टॉवेल उचलून घडी घातली आणि म्हणाल्या, "तीन वर्षं असाच आहे. आत्ताच कसा तापला?" मी लॅपटॉप उचलून हॉलकडे निघाले.

हॉलमध्ये लॅपटॉप लावला आणि सर्व्हरला पिंग केलं. पिंग म्हणजे फार काही नाही. एक छोटं पाकीट पाठवायचं, म्हणजे हाक मारायची, आणि पलीकडच्याने ओ द्यायची. नेटवर्क धड असेल तर शंभर हाकांना शंभर वेळा ओ येते. मला एक्क्याऐंशी वेळा आली. परत केलं, चौऱ्याऐंशी. परत केलं, एकोणऐंशी. म्हणजे पाचातलं एक पाकीट वाटेत गडप होत होतं. पत्र असं हरवायला लागलं तर माणूस पोस्टात जाऊन भांडेल. इथे भांडायचं कुणाशी?

त्या दिवशी मी सगळं केलं. सर्व्हरच्या मागची छोटी वायर बदलली. स्विचचं, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या डब्याचं, पोर्ट बदललं, मग स्विचच बदलला. सर्व्हरमधलं नेटवर्कचं कार्ड काढून दुसरं घातलं. शेवटी लांब वायरीला दोन्ही टोकांना टेस्टर लावला. त्या टेस्टरवर आठ दिवे असतात, वायरीत आठ तारा म्हणून. एक तार जरी तुटली तरी तिचा दिवा लागत नाही. आठही दिवे क्रमाने लागले, एक, दोन, तीन, चार, हिरवेगार. म्हणजे वायर ठीक. आबा पाठीमागे उभे राहून दिवे बघत होते. दुसऱ्यांदा दिवे लागले तेव्हा म्हणाले, "झकास हाय की वायर." मी म्हटलं, "वायर झकासच आहे, बाकीचं बघते."

रविवारी कारखान्याला सुट्टी. आबांना घेऊन कुलूप उघडलं आणि शांतपणे सगळं पहिल्यापासून तपासलं. पिंग केलं तर शंभरला शंभर. पाचशेला पाचशे. मी आनंदाने आबांच्या पाठीवर थाप मारली. नवं कार्ड बसवलं त्याचाच हा गुण, असं म्हणून मालकांना तिथूनच फोन लावला, "झालं काम, उद्या मोर चढवा."

सोमवारी सकाळी नऊला मोर परत निम्म्यावर अडकला.

मालक हॉलमधून चालत ऑफिसात आले तेव्हा मी आधीच आले होते. मालकांच्या घरी तेलुगू बोलतात, पण रागावले की ते अगदी स्वच्छ मराठीत रागावतात. "तुझा टेस्टर म्हणतो वायर ठीक आहे. तुझा कॉम्प्युटर काल म्हणाला सगळं ठीक आहे. माझे माग म्हणतात ठीक नाही. मी कुणाचं ऐकू?"

मी टेस्टर बॅगेत कोंबला.

"बुधवारी दुपारी पुण्याची माणसं बोलावतो," ते म्हणाले. "ते सगळंच बघतील. मग पुढचंही त्यांच्याकडेच राहू दे." आणि तिथेच चहाचे कप गोळा करत असलेल्या आबांकडे वळून म्हणाले, "मामा, तुम्ही शब्द दिला होता म्हणून बुधवारपर्यंत तरी थांबतो. नाहीतर आजच बोलावलं असतं."

आबांनी मान हलवली. कप खाली ठेवले, परत उचलले. त्यांचं ते मान हलवणं मला सहन झालं नाही. काम गेलं असतं तर मी दुसरं शोधलं असतं, दोनचार ऑफिसांत तोंड लपवून फिरले असते. पण आबांना रोज त्याच केबिनमध्ये चहा न्यायचा होता. मालक काही बोलले नसते, ते तसे सभ्य आहेत, आणि आबांना तेच जास्त लागलं असतं. आयुष्यात एकदा मागितलं आणि तेही वाया गेलं, हे त्या माणसाने कुठे ठेवलं असतं?

सोमवारी संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही. घरी आबा एवढंच म्हणाले, "सापडंल की." मला वाटतं ते माझ्यापेक्षा स्वतःलाच सांगत होते.

मंगळवारी मी ऑफिसात बसायचं सोडून हॉलमध्येच स्टूल टाकून बसले. मागांचा खडखडाट असा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. लॅपटॉपवर पिंग न थांबता चालू ठेवलं. सारखी हाक, सारखी ओ, मध्येच एक गप्प. असा तासभर गेला. मग चहाची सुट्टी झाली. माग एकामागून एक थांबले, आणि कानांना एकदम मोकळं वाटलं. सवयीने स्क्रीनकडे बघितलं, तर एकही हाक वाया जात नव्हती. दहा मिनिटं, एकही नाही.

मी उठून उभी राहिले. रविवारी सगळं ठीक का होतं ते आत्ता कळलं. रविवारी माग बंद होते! मी बंद कारखान्यात नेटवर्क तपासलं होतं आणि मालकांना फोन करून शेखी मिरवली होती. पुण्यात एखाद्या नवख्याने असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर चिडवलं असतं.

चहा संपला. मी जॉबरना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना, हात जोडून विनंती केली की माग एकदम नको, रांगेरांगेने सुरू करा. पहिली रांग सुरू झाली, काही नाही. दुसरी रांग, काही नाही. तिसरी रांग सुरू झाली आणि पाकिटं पडायला लागली. तिसऱ्या रांगेतले माग नवे होते, आठवड्यापूर्वीच लागलेले. आणि त्यांच्या मोटारींच्या पॅनेलला लागून, खांबावरून, माझी लांब वायर वर पत्र्याकडे गेली होती.

"आबा, शिडी!"

आबांनी शिडी आणली आणि खाली घट्ट धरून उभे राहिले. मी वर चढले. खांबावर वायर प्लास्टिकच्या पट्टीत झाकलेली होती. स्क्रू ड्रायव्हरने पट्टीचं झाकण उचकटलं. वीतभर उघडलं तर वायर. आणखी वीतभर उघडलं आणि मी तशीच थांबले.

वायरीला जोड होता.

जवळजवळ हातभर लांबीचं बाहेरचं आवरण सोलून काढलं होतं. आतल्या आठही तारा सरळ, एकीशेजारी एक, अंतर सारखं ठेवून लावल्या होत्या. प्रत्येक तार तिच्याच रंगाच्या तारेला पीळ देऊन जोडलेली आणि प्रत्येकीवर टेपची बारीक पट्टी गुंडाळलेली. आठही जोड एका रेषेत नव्हते, एकेक बोट खाली सरकवत नेले होते, म्हणजे एका जागी जाडी येऊ नये. इतकं देखणं काम मी माझ्या धंद्यात पाहिलेलं नाही. आणि इतकं चुकीचंही पाहिलेलं नाही.

हे कुणाचं काम आहे हे विचारायची गरज नव्हती. तरी मी खाली बघून ओरडले, "हा जोड कुणी दिला?"

खडखडाटात त्यांना ऐकू गेलं नसणार, पण मी काय बघतेय ते त्यांना दिसलं. आबांचा चेहरा खुलला. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी स्वतःच्या छातीला लावला. मी! आणि मान वर करून, ओठांनी मोठ्ठं बोलून विचारलं, "कसा झालाय?"

ते कधीपासून हा प्रश्न विचारायची वाट बघत होते ते मला नंतर कळलं. पावसाळ्याआधी पत्रे बदलायला आलेल्या माणसांनी ती वायर कापली होती. मी त्या दिवशी कुर्डुवाडीला. आबांनी सकाळी कुलूप उघडलं तेव्हा वायर लोंबत होती. पोरीला कशाला हेलपाटा, म्हणून त्यांनी स्वतःच सांधली, आणि ती चालली. ती इतकी छान चालली की कुणाला कळलंच नाही. आबांनीही सांगितलं नाही, आणि शनिवारी आठही दिवे लागल्यावर जोडाबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. त्यांना वाटलं, कधीतरी मी पट्टी उघडेन, बघेन, आणि आपणहून म्हणेन, हे कुणी केलं, फार सुरेख केलं.

आणि मी शिडीवरून काय म्हणाले? "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? कळत नाही तर का करता? चार दिवस जीव जातोय माझा!" नेमकं तेव्हाच शेजारचा माग धागा तुटून थांबला होता, त्यामुळे हे सगळं त्यांना ऐकू गेलं. जॉबरलाही गेलं.

आबांचा चेहरा पडला. त्यांनी शिडी मात्र सोडली नाही. उलट दोन्ही हातांनी धरली.

मी खाली उतरले. लाज वाटली, खरंच वाटली, पण लाजेवर माझ्याकडे लगेच उपाय नसतो, म्हणून वायर कापून तो जोड खाली आणला आणि खिडकीपाशी नेला. आबा मागे आले. मग तेच म्हणाले, "रंग चुकला का?"

"नाही."

"मग जोड ढिला?"

"नाही हो. जोड पक्का आहे. टेस्टरला पण कळलं नाही, इतका पक्का आहे."

"मग?" आबांचा चेहरा आता पडलेला नव्हता, त्यांच्या आवाजात वेगळंच काहीतरी आलं होतं. एखादा धागा बोटाला चुकीचा लागला की ते असेच थांबून विचारात पडायचे. "मग चुकलं काय त्ये सांग की."

मी बॅगेतून चांगल्या वायरीचा तुकडा काढला, सोलला आणि त्यांच्या हातात दिला. "डोळ्यांनी नका बघू, बोटांनी बघा."

त्यांनी डोळे मिटून तारांवरून अंगठा फिरवला. "दोन दोन एकमेकींत गुंतल्यात," ते म्हणाले. "आपल्या वायरीत बी हुत्या. म्या समद्या सोडवल्या. लई येळ गेला."

"तेच चुकलं."

हे त्यांच्या डोक्यात कसं शिरणार असं मला वाटलं होतं. ज्या माणसाने जन्मभर गुंता सोडवला, ताण्यातले दोन धागे एकमेकांना चिकटले तर रात्रपाळीवाल्याला शिव्या घातल्या, त्याला मी सांगत होते की गुंता हवा. मी म्हटलं, "आबा, हा गुंता नाही, ही जोडी आहे. एक निरोप दोघी मिळून नेतात, एक सुलटा, एक उलटा. बाहेरून मोटारीची कटकट आली की पीळ असल्यामुळे ती दोघींवर सारखी पडते, आणि पलीकडे पोचल्यावर आपोआप वजा होते. पीळ सोडून सरळ केल्या की कटकट एकीवर जास्त पडते, दुसरीवर कमी. शिवाय शेजारणीचं बोलणंही कानात जातं. मग निरोप बिघडतो, आणि बिघडलेला निरोप पलीकडचा टाकून देतो."

आबांनी तुकडा पुन्हा चाचपला. एक जोडी, मग दुसरी. "परत्येकीचा पीळ येगळा हाय," ते म्हणाले. "ही दाट, ही इरळ."

मी बघतच राहिले. चार जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे जोड्यांची एकमेकींत गडबड होऊ नये. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी हे मला पाठ करावं लागलं होतं, आणि परीक्षेत मी ते विसरले होते. आबांना ते अंगठ्याने कळलं.

"म्हंजे तवा तिसरी रांग न्हवती, म्हनून चाललं," ते हळूच म्हणाले. "मोटारी आल्या आन बोंब झाली."

"हो."

"समजलं. आता मालकाला मी सांगतो."

मी म्हटलं, नको. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. वायर उंदराने कुरतडली असं सांगायचं, नवी टाकायची, विषय संपला. कारखान्यात उंदीर आहेत, कुणी साक्ष काढणार नव्हतं. आबांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "उंदराचं नाव कशाला? म्या केलंय." आणि टोपी नीट करून म्हणाले, "आदी वायर टाकू. मग जाऊ."

नवी वायर आम्ही दोघांनी टाकली, अखंड, कुठेही जोड न देता, आणि मोटारींच्या पॅनेलपासून लांब, पलीकडच्या भिंतीने. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचे राहिले. मी कनेक्टर दाबून बसवायचा क्रिंपर काढला, तर आबांनी हात पुढे केला. "मी करतो. तू रंग सांग."

पीळ कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत ठेवायचा, फक्त शेवटचं नखभर सरळ करायचं, हे मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. रंग त्यांना आता नीट दिसत नाहीत, म्हणून मी वाचत गेले आणि ते लावत गेले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मला या कामाला सुरुवातीला पंधरा मिनिटं लागायची आणि तीन कनेक्टर वाया जायचे. आबांनी पहिल्या फटक्यात दोन्ही टोकं बसवली. मी ओढून बघितलं, हललं नाही. जॉबर येऊन बघून गेले. मला इतका अभिमान वाटला की मी दोनदा उगाच ओढून बघितलं.

मग सगळ्या रांगा सुरू करायला सांगितल्या. चारही रांगा, पूर्ण खडखडाट. शंभर हाकांना शंभर. पाचशेला पाचशे. हजार झाल्या तरी एकही पाकीट पडलं नाही. ताईंनी ऑफिसातून मोर पाठवला आणि तो तिसऱ्या रांगेतल्या मागावर पिसाऱ्यासकट उतरला. विणकर खूण करून हसला.

आम्ही केबिनमध्ये गेलो. मी तो कापलेला जोड खिशात ठेवला होता. आबांनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला.

"मालक, वायर तुटली हुती, म्या जोडली. ह्यो माझा जोड. ह्याच्यापायी चार दिवस बोंब झाली. पोरीची चूक न्हाय."

"माझीही आहे," मी म्हटलं. "रविवारी माग बंद असताना तपासलं. टेस्टरवर भरवसा ठेवला. पट्टी उघडायला पहिल्याच दिवशी पाहिजे होती."

मालकांनी जोड हातात घेतला. ते स्वतः मागावर बसलेले आहेत, त्यांच्या वडिलांनी कारखाना नंतर काढला. त्यांनी एकेक तार बोटाने बाजूला करून पाहिली, सरकवत नेलेले आठ जोड पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पुण्याला फोन लावून, येऊ नका, काम झालं, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. जोड टेबलाच्या खणात ठेवून दिला, तो का ठेवला हे मी विचारलं नाही.

"मामा," ते म्हणाले, "पोरगी तुमची आहे म्हणून तुम्ही तिची बाजू घेणारच."

आबा दाराकडे निघाले होते, ते वळले.

"पोरगी म्हनून न्हाय, मालक. आज म्या तिच्या हाताखाली काम केलं. मुकादम झाले, जॉबर झाले, तुमचे वडील झाले, लई मान्सांच्या हाताखाली केलं. काम चुकलं की समद्यांनी वरडून घेतलं. ही बी वरडली, लई वरडली. पर का चुकलं, त्ये हिनंच सांगितलं. आजवर कुनी सांगितलं न्हवतं."

मला रडू फुटलं होतं आणि ते मला तिथे कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी खाली वाकून बॅगेची चेन लावत बसले. ती आधीच लावलेली होती.